ओटीवरचा कंदील

“घरात वीज आली तरी तिन्हीसांजेला ओटीवर घासलेटचा कंदील लावायचा हां,” सासूबाई सांगून गेल्या. कशाला, ते सांगितलं नाही. मी शब्द दिला आणि रोज लावत आले. रानशेत गावात सगळे हसायचे.

डोंगरावर धाकट्या नणंदेचं, हिरूचं सासर. टॉवरच्या तारा तिच्या पाड्यावरून कधीच पुढे गेल्या, पण वीज तिथे आज उतरली. तिचा फोन आला तेव्हा मागे ढोल वाजत होता.

“वहिनी, लाइट आली! म्हातारेसुद्धा नाचतायत!”

“मग आता आपल्या कंदिलाला सुट्टी देऊ का गं?”

“नको ना वहिनी! इथून खालचे पांढरे दिवे सगळे सारखेच दिसतात. त्या पिवळ्या उजेडावरूनच तर मी माहेर ओळखते.”

मी फोन ठेवला, कंदिलाची काच पुसली आणि ओटीवर निघाले.