फायरबर्डची पहिली फेरी

अण्णांनी ताम्हनातली किल्ली उचलली आणि ती परीक्षितच्या हातात दिली. निधीचा पुढे आलेला हात तसाच पदर सारखा करायला वळला.

लंडनच्या पिनर भागातल्या निधी-परीक्षितच्या ड्राइव्हवेवर एकोणीसशे एकोणसत्तरची पॉन्टियॅक फायरबर्ड उभी होती. लांबच लांब बॉनेट, त्याखाली आठ सिलिंडरचं इंजिन आणि अंगावर गडद निळा रंग. आज दसरा. गाडीला झेंडूचा हार घातला होता, चाकांखाली लिंबं ठेवली होती आणि महाराष्ट्र मंडळातली पाच-सात घरं नटूनथटून कडेला उभी होती. अण्णांनी हळदी-कुंकवाचं बोट बॉनेटला टेकवलं तेव्हा निधीनं श्वास रोखून धरला होता. तो रंग तिनं स्वतः मारला होता आणि तो घासून घासून चमकवताना खांद्यांचा भुगा झाला होता.

गाडी तिचीच होती. गंजका सांगाडा म्हणून घरी आली, तेव्हापासून तिचा एकूण एक नट निधीच्या हातून फिरला होता. ऑफिसातून यायचं, ओव्हरऑल चढवायचा आणि गाडीखाली शिरायचं. परीक्षित चहा आणून द्यायचा, टॉर्च धरायचा आणि फोटो काढायचा. ते फोटो तो पुण्याला वडिलांना पाठवायचा. फोटोत गाडी असायची आणि गाडीखालून बाहेर आलेले दोन पाय. अण्णांनी ते पाय मुलाचे समजले. शाबासकीचे मेसेज येऊ लागले तेव्हा दोघं आधी पोट धरून हसली. मग 'सांगू, सांगू' करता राहून गेलं. परीक्षित नुसता अंगठा पाठवत राहिला. फुकटच्या कौतुकाला नको म्हणणं कोणाच्याही जिवावर येतं.

आता अण्णा दसऱ्यासाठी खास पुण्याहून आले होते आणि सकाळपासून येईल त्याला सांगत होते की मुलानं परदेशात नोकरी सांभाळून मोडीतून गाडी उभी केली, सूनबाईनंही हातभार लावला. निधी पाहुण्यांना पेढे देत ते ऐकत होती. तिला आता हसू येत नव्हतं.

तसं गॅरेजमध्ये इंजिन सुरू होऊन गेलं होतं. पण पूजेआधी चाक रस्त्याला लागता कामा नये, असं अण्णांनी फर्मान काढलं होतं, म्हणून सकाळी सगळ्यांनी मिळून गाडी ढकलत बाहेर आणली होती. पहिली फेरी आजच व्हायची होती. निधीला तेवढीच हवी होती. बाकीचं कौतुक गेलं खड्ड्यात, पण हिला पहिल्यांदा रस्त्यावर काढायची ती आपण, हे तिनं मनाशी कधीचं ठरवून टाकलं होतं. आणि आता चार माणसांत सासऱ्यांना खोटं पाडायचं कसं, म्हणून तिची जीभ उचलत नव्हती.

परीक्षितनं तिच्याकडे बघितलं आणि लगेच नजर वळवली. समोर सगळ्यांचे फोन वर झाले होते. तो लगबगीनं उजव्या दाराकडे गेला, आत बसला आणि दार लावून घेतलं. टाळ्या पडल्या. मग त्या विरत गेल्या. परीक्षित किल्ली हातात धरून ती घालायला जागा शोधत होता आणि त्याच्यासमोर होता फक्त सामान ठेवायचा कप्पा.

अण्णा खिडकीशी वाकले. "अरे, स्टिअरिंग कुठाय?"

स्टिअरिंग होतं तिथंच होतं, अमेरिकन गाडीत असतं तसं, डावीकडे. निधीनं ते स्वतः बसवलं होतं. जन्मभर पुण्यात आणि इथं उजवीकडे बसून गाडी चालवलेल्या माणसाला ते आठवलं नाही, कारण या गाडीत तो कधी चालवायला बसलाच नव्हता. कोणीतरी खुदकन हसलं. परीक्षितचे कान लाल झाले. त्यानं हँडल फिरवून काच पूर्ण खाली घेतली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "अण्णा, मला ही ड्राइव्ह करता येत नाही. स्टार्टसुद्धा करता येत नाही. फोटोतले पाय निधीचे होते. सगळ्या फोटोतले."

अण्णा खिडकीपासून सरळ झाले. तोवर निधी बॉनेटला वळसा घालून पलीकडे पोचली होती. तिनं निऱ्या आवरल्या, डावीकडे बसली आणि नवऱ्यापुढे तळहात धरला. किल्ली देताना तो हळूच सॉरी म्हणाला.

"ते नंतर," निधी म्हणाली.

गार इंजिनाला आधी अ‍ॅक्सिलरेटर दाबून जरा चुचकारायचं आणि मग पाय काढून किल्ली फिरवायची. पाय तसाच ठेवला तर ते रुसून बसतं. निधीनं किल्ली फिरवली. इंजिन एकदा खोकलं आणि मग असं गरजलं की समोरच्या घराच्या काचा थरथरल्या आणि पाहुण्यांतली पोरं आयांना बिलगली. तो आवाज निधीच्या बरगड्यांत शिरला. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं आणि तिनं ते पुसलंही नाही.

अण्णांनी उजवं दार उघडलं आणि मुलाला म्हणाले, "उतर."

तो उतरला. अण्णा त्याच्या जागी बसले, टोपी नीट केली, शोधून पट्टा लावला आणि समोर बघत राहिले. लिंबं चिरडली गेली आणि गाडी रस्त्यावर आली. पार्क केलेल्या गाड्यांच्या दोन रांगांमधून एवढी रुंद गाडी न्यायची म्हणजे तारेवरची कसरत, पण निधीचे हात स्थिर होते. बागेत पानं गोळा करणारा एक म्हातारा इंग्रज ताठ उभा राहिला आणि त्यानं चक्क सलाम ठोकला. निधी खुदखुदून हसली.  अण्णा मात्र तिच्या हातांकडे बघत होते, नखांच्या कडांत बसलेल्या, कशानंच न जाणाऱ्या काळ्या ग्रीसकडे.

रस्ता संपत आला तशी तिनं वेग कमी केला. "सगळे सोनं द्यायला थांबलेत, अण्णा. इथून वळवते."

"थांबू देत," अण्णा म्हणाले. "तू सरळ घे."