माघारीचा कागद

ओझेलीबाई नवऱ्याच्या, क्लोव्हिसच्या थडग्याला चुन्याचा दुसरा हात देत होत्या आणि सरकारी बाई पुस्तिका उघडून शेजारी उभी होती. उद्या सर्व संतांचा दिवस, कबरींवर फुलं वाहायचा. लुइझियानाच्या या दलदलीच्या टोकाला त्याआधी थडगी पांढरीशुभ्र झालीच पाहिजेत, घरावर छप्पर असो वा नसो.

"'लवचीकता'," केंड्राने, म्हणजे त्या सरकारी बाईने, वाचलं. "संकटानंतर पुन्हा उभं राहण्याची ताकद."

"ती भरपूर आहे आमच्यात," रेमी म्हणाला. हा ओझेलीबाईंचा धाकटा दीर. गुडघ्यांवर बसून तो थडग्याभोवती होडी बांधायचे पट्टे गुंडाळत होता. "चार वादळं, चार वेळा घर बांधलं. हवी तर घेऊन जा थोडी."

केंड्रा हसली. पोरगी वाईट नव्हती, म्हणून तर तिच्यावर ओरडताही येईना. "'अनुकूलन'. बदलत्या हवामानाप्रमाणे राहणी बदलणं."

"घर बारा फूट खांबांवर चढवलं," ओझेलीबाई म्हणाल्या. "गुडघे काही चढायला तयार नाहीत. पुढचं वाच."

"'नियोजित माघार'. समुद्र जमीन गिळतोय, तिथून लोकांनी वेळेत, ठरवून निघणं." तिने पुस्तिका मिटली. "वरच्या गावात तुम्हाला नवं घर मिळेल. फक्त सही आजच हवी, संध्याकाळी यादी बंद होतेय. जबरदस्ती अजिबात नाही."

"नाही केली तर?"

"राहा ना. पण रस्ता यापुढे दुरुस्त होणार नाही. विजेचंही सांगता येत नाही."

"आणि याचं काय?" ओझेलीबाईंनी ब्रश थडग्याकडे केला.

केंड्राने पुस्तिका उगीच पुन्हा उघडली. "कबरी योजनेत नाहीत, बाई. भेटायला येता येईल. होडीने."

गेल्या वादळात थडग्याचं झाकण फुटून क्लोव्हिसची शवपेटी तरंगत निघून गेली होती. तीन मैलांवर गवतात अडकलेली सापडली. आत बाटलीत नाव-पत्ता ठेवला होता, म्हणून तो घरी परत आला. तेव्हापासून झाकण पुन्हा उघडू नये म्हणून दर साली चुन्याच्या वेळी रेमी खाऱ्या पाण्याने कुजलेले पट्टे काढून नवे बांधायचा. रेमीने स्वतःच्या कागदावर कालच सही केली होती.

दक्षिणेचा वारा सुटला. रस्त्याच्या कडेला पाणी चढू लागलं. केंड्रा दोनदा गाडीकडे बघून आली.

"शब्द समजले ना, बाई? काही शंका?"

"सगळे समजले, पोरी. समजले नसते तर बरं होतं. आणखी तासभर तुला विचारत बसले असते."

"कुटुंबात माणसं किती लिहू?"

ओझेलीबाईंनी थडग्यावर तळवा टेकला. चुना ओलाच होता. "एक," त्या म्हणाल्या.

त्यांनी सही केली. कागदावर पांढरा पंजा उमटला. केंड्राने तो पुसला नाही, फुंकर मारून वाळवला, आणि पाणी चाकांना लागायच्या आत निघून गेली.

"आवळ आणखी," ओझेलीबाई रेमीला म्हणाल्या.

"वहिनी, आता आवळला तर विटा फुटतील."

"फुटू देत. पुढच्या साली आवळायला कोण आहे इथे?"

रेमीने पट्टा आवळायचा खटका आणखी एक दात ओढला.