तांबडी आरवली

"ह्यावर कुणी इस्वास ठेवणार न्हाई. नकाच ठेवू," ओटीवर मांडी घालून दत्तोबांनी सुरुवात केली. "आमची तांबडी कोंबडी एका सकाळी आरवली. कोंबड्यागत. लांब मान करून."

दत्तोबांनी जन्मभर इतक्या थापा मारल्या होत्या, की त्यांनी ऊन पडलंय म्हटलं तरी मळवलीतले लोक आधी बाहेर येऊन बघत. पण आज समोर आंबीचे पाहुणे होते, पोह्यांच्या बशा हातात धरून. नात प्रेरणाला बघायला आलेले. दत्तोबांचा मुलगा अमृत दारात उभा राहून बापाकडे असा बघत होता, की नजरेनं तोंड शिवता आलं असतं तर टाके घालून मोकळा झाला असता.

गेल्याच आठवड्यात दत्तोबा नातीला घेऊन तळेगावच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले होते. बारावी झाली तरी पाळी नाही, आवाज फुटलेला, ओठावर मिसरूड. बाईंनी रक्त तपासून सांगितलं, "आजोबा, हिची गुणसूत्रं मुलाची आहेत. आईच्या पोटात असताना एक हार्मोन पुरेसं बनलं नाही, म्हणून जन्मताना मुलगी दिसली. वयात आल्यावर शरीर आपल्या वाटेनं गेलं. पण रक्त सगळं सांगत नाही. आपण कोण, ते हिलाच विचारा."

विचारलं. "मुलगा," प्रेरणा म्हणाली. "पयल्यापासून."

त्या दिवसापासून दत्तोबांच्या लेखी तो नातू. अमृतला सांगितलं, तर तो म्हणाला, "लगीन झालं की समदं जागेवर येतं." आणि पाहुणे बोलावले.

"आरवती कोंबडी घरात ठेवू नये," पाहुण्यांतल्या कस्तुराबाई म्हणाल्या. "घराला बाधतं."

"म्हणणाऱ्याचं काय जातंय, बाई. आमी ठेवली. तुरा वाढला, शेपूट आली, चाल बदलली. दाणा कुणी तोडला न्हाई. आता परसात त्याची पिल्लं मावत न्हाईत."

"आबा, पुरं," अमृत दात आवळून म्हणाला. "पाव्हण्यांना कोंबड्यांचं काय?"

"पाव्हण्यांनाच सांगतोय. त्यांना तरी कळू दे, ह्या घरात कुणाचं वाकडं करत न्हाईत."

प्रेरणा चहा घेऊन बाहेर आला. बापानं बळंच नेसायला लावलेली साडी, डोक्यावर पदर. तोंड उघडायचं नाही, असा हुकूम होता. त्यानं ट्रे खाली ठेवला, पदर मागं टाकला. त्याचा जाड, घोगरा आवाज ओटीभर झाला तशा पाहुण्यांच्या माना वर आल्या.

"कुटली पिल्लं, आबा? ती आरवली त्याच सकाळी पप्पांनी तिची मान मुरगाळली. मी तितंच उभा व्हतो. आन् दुपारी रस्सा समद्यांनी वरपला. तुमी बी."