अर्ध्या मिनिटाची फिल्म

१९४५च्या मे महिन्यात रंगूनमधला जपान्यांचा युद्धकैद्यांचा तुरुंग उघडला. लष्करी कॅमेरामन कारखानीसांकडे अर्ध्या मिनिटाची फिल्म उरली होती, तीही जनरलसाहेबांसाठी राखलेली. इतक्यात हाडांचा सापळा झालेला एक शिपाई भिंतीच्या आधाराने पुढे आला.

“सायेब, मी पाटणचा भिकू शेलार. माज्या लेकीनं मला कदी बघितलं न्हाई. माजं तोंड तेवढं घ्या.”

कारखानीसांनी सगळी फिल्म त्याच्यावर संपवली आणि वरिष्ठांची बोलणी खाल्ली. आठवड्याभरातच भिकू इस्पितळात वारला.

युद्ध संपल्यावर कारखानीस पाटणला गेले. शाळेच्या खिडक्या लावून त्यांनी भिंतीवर ती फिल्म दाखवली. आईने बोट दाखवताच भिकूची चार वर्षांची पोर भिंतीकडे धावली. “आये, बा हसतोय!”

भिकूच्या बायकोनं हात जोडले. “दादा, तिचा बा तुमी घरी आणलासा. जलमभर पुरंल तिला.”