ओरडायचं राहिलं

चेंडू कारखान्याच्या भिंतीवर आपटून उजवीकडे, शेजारच्या होलकडे उडाला, तेव्हा धाकट्याने ओरडायला हवं होतं. ते त्याचं कामच होतं.

हे सार्वजनिक गोल्फचं मैदान म्हणजे नावालाच मैदान. एका अंगाला कारखान्याची भिंत, दुसऱ्या अंगाला घरांची कुंपणं, आणि मधल्या चिंचोळ्या पट्ट्यात नऊ होल दाटीवाटीने बसवलेले, दोन खोल्यांच्या घरात लग्नाचे पाहुणे झोपवावेत तसे. तिसऱ्या होलकडे जाणारे आणि चौथ्यावरून येणारे एकमेकांच्या अंगावरच चेंडू मारत असतात. म्हणून इथे एकच नियम कडक. चेंडू भरकटला की बेंबीच्या देठापासून "फोर!" म्हणून ओरडायचं, आणि ऐकणाऱ्याने डोक्यावर हात घेऊन खाली बसायचं. ज्याला ओरडता येत नाही त्याने इथे खेळायला यायचं नाही.

घशाचं ऑपरेशन झाल्यापासून थोरल्याचा आवाज हातभर अंतरापलीकडे जात नव्हता. एके काळी त्याच्या जिभेला हाड नव्हतं. आता बोलला की नुसती हवा बाहेर पडायची. मॅनेजरने त्याला खेळू दिलं ते एकाच अटीवर, की भावाने त्याच्यासाठी ओरडायचं. हा खेळ गेला असता तर थोरला घरात भिंतीकडे तोंड करून बसला असता. दोघांनाही हे पक्कं ठाऊक होतं.

पण दुसऱ्या होलवर झाडाच्या मुळात अडकलेला आपला चेंडू धाकट्याने बुटाच्या टोकाने हळूच मोकळा केला होता, आणि थोरल्याने ते पाहिलं होतं. "सहा फटके नाही, सात," तो भावाच्या कानाशी येऊन कुजबुजला, वर हसला. धाकट्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. पन्नाशी उलटली, तरी दादाची आपल्याला पकडायची खोड काही जात नाही.

त्यामुळे तिसऱ्या होलवर थोरल्याचा चेंडू भरकटला आणि त्याने घाईने भावाच्या दंडावर थाप मारली, तेव्हा धाकटा मूग गिळून उभा राहिला. क्षणभरच. आता ओरड की तूच, एवढंच त्याच्या मनात आलं.

पलीकडे एक बाई खाली कोसळली.

दोघे धावत पोचले तेव्हा ती गवतावर बसली होती. भुवईवर दाबलेल्या बोटांमधून रक्त येत होतं. तिचा नवरा टॉवेलची घडी करत होता.

"दातखीळ बसली होती का तुमची?" तो थोरल्यावर कडाडला. "ओरडायला काय झालं होतं?"

थोरल्याने गळ्यातल्या रुमालाकडे बोट दाखवलं.

"मी ओरडलो ना," धाकटा म्हणाला. "चांगला मोठ्याने ओरडलो. वारा उलटा आहे, तुम्हाला ऐकू आलं नसेल."

होलवरचं निशाण काठीला चिकटून लोंबत होतं.

तोवर मॅनेजर औषधांची पेटी घेऊन आला. त्याने बाईची जखम पुसली, पट्टी बांधली, आणि मग थोरल्याकडे वळला. "काका, तुम्ही सांगा. हे ओरडले होते का? नसतील, तर उद्यापासून तुम्हाला आत सोडता येणार नाही. माझा नाइलाज आहे."

थोरल्याने भावाकडे पाहिलं. धाकटा बुटाकडे बघत होता. थोरल्याला त्याचा असा संताप आला की तिथेच त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. मग त्याने होकारार्थी मान हलवली.

"मग काय बोलणार!" मॅनेजरने पेटी बंद केली. "अपघात म्हणायचा."

नवऱ्याचा राग जागच्या जागी जिरला. त्याने बायकोला दंडाला धरून उठवलं. "चल, टाके घालावे लागतील."

ती पट्टी चाचपत उभी राहिली. म्हणाली, "मला काहीच ऐकू आलं नाही हो."

"मलाही नाही आलं."

"तुम्ही लांब होतात. मी तर इथेच उभी होते." ती नवऱ्याचा हात धरून थांबली. "पोरगी बाळाला माझ्या भरवशावर टाकून कामाला जाते. ते आतल्या खोलीत रडलं आणि मला ऐकूच आलं नाही तर? नको बाई. तिला आजच सांगते, बाळाची दुसरीकडे सोय कर म्हणून."

"आधी चल तर."

दोघं फाटकाकडे निघाली. ती चालता चालता एका कानाशी बोटं चोळून आवाज येतो का ते बघत होती.

थोरला त्यांच्यामागे धावला. चार पावलं गेला असेल नसेल, पाचव्या होलवरून कुणीतरी खेकसलं, "अहो काका, मध्ये कुठे घुसताय? मारतोय ना इकडून!" एक चेंडू त्याच्या पुढ्यातून सणसणत गेला, मागोमाग दुसरा. तो तिथेच अडकला. त्याने तोंड उघडून बाईला हाक मारली. ती त्याची त्यालासुद्धा ऐकू आली नाही.

तो मागे फिरला आणि धाकट्याच्या शर्टाला धरून त्याला गदागदा हलवलं.

"सांग तिला," तो कुजबुजला. "तिचे कान चांगले आहेत म्हणून सांग. ओरड!"

"दादा, मग तुझा खेळ..."

"ओरड म्हणतो ना!"

धाकट्याने दोन्ही हात तोंडाशी नेले, छाती भरून श्वास घेतला, आणि बाई बाहेर पडून पलीकडे फाटक लागेपर्यंत तसाच उभा राहिला.