दिवा हिरवा होईपर्यंत

बाथरूमचं दार उघडून तो बाहेर आला आणि त्याची आई हातातला डाव तसाच धरून त्याच्याकडे बघत राहिली.

डोक्यावर केस नव्हते. मिशीही नव्हती. याच मिशीवरून कामावरचे सगळे त्याला सुभेदार म्हणत.

“सोललेल्या बटाट्यासारखा दिसतोयस,” ती म्हणाली. मग डाव खाली ठेवून, “बरं केलंस. धुळीला बसायला जागाच नको.”

तो टोलनाक्याच्या खिडकीत बसायचा. दिवसभर गाड्या त्याच्या तोंडाशी येऊन थांबायच्या, धूर सोडायच्या आणि पुढे जायच्या. काच लावून घेऊन ते काम होत नाही. या हिवाळ्यात तर शहराची हवा अशी झाली होती की भर दुपारी गाड्यांचे दिवे लागलेले असत आणि ड्रायव्हरचा चेहरा दिसायच्या आधी त्याचा खोकला ऐकू येई.

त्याची लेक बबडी तीन वर्षांची होती. तिला दवाखान्यातून घरी सोडताना डॉक्टरांनी आई-बापांना बजावलं होतं, बाहेरची हवा निवळेपर्यंत हिला एका खोलीतून हलवू नका. छातीत पुन्हा धूळ गेली तर पुढचं मला सांगता येणार नाही. मग आतल्या खोलीच्या खिडकीला चिकटपट्ट्या लागल्या, दाराखाली ओला टॉवेल आला आणि कोपऱ्यात हवा साफ करणारं मशीन आलं. मशीनला एक दिवा होता. हवा बरी असली की हिरवा, बिघडली की लाल.

पहिल्याच संध्याकाळी तो कामावरून येऊन खोलीत शिरला, तसा दिवा लाल झाला आणि मशीन मोठमोठ्यानं घरघरायला लागलं. दार उघडल्यामुळे झालं असेल, बायको म्हणाली. म्हणून त्यानं आपल्या आईला आत-बाहेर करायला लावलं. आई गेली, आली, पुन्हा गेली. दिवा हिरवाच. तो गेला की लाल.

“चोर पकडायचं मशीन आणलंस की काय?” आई म्हणाली होती. कुणीच हसलं नव्हतं.

तेव्हापासून त्यानं काय काय करून पाहिलं. कपडे जिन्यातच उतरवायला लागला. आंघोळ करून झाली की पुन्हा आंघोळ करायला लागला. कान, नखं, नाक, सगळं खरवडून काढायचा. तरी उंबरा ओलांडून दोन पावलं टाकली की दिवा आपला लाल. बबडी पलंगावरून हात पसरायची, बायको मानेनं नको म्हणायची, आणि तो आल्या पावली मागे फिरायचा. नोकरी सोडायचं त्यानं एकदाच बोलून पाहिलं. बायकोनं कपाटावरच्या औषधाच्या बाटल्यांकडे पाहिलं होतं.

आज नाक्यावर शेजारच्या खिडकीतला सोबती सहज म्हणाला होता की सुभेदार, अख्ख्या रस्त्याचा धूर तुझ्या मिशीत मुक्कामाला असतो. चेष्टाच होती ती. पण त्यानं ती घरापर्यंत मनात धरली.

धुतलेले कपडे घालून तो दारापाशी गेला, टॉवेल पायानं बाजूला केला आणि श्वास रोखून आत शिरला.

बायको पलंगावर बसली होती. बबडीला नुकतीच वाफ देऊन झाली होती आणि ती आपल्या आईच्या खांद्यावर पडून होती. दिवा हिरवा होता. त्यानं एक पाऊल टाकलं. मग आणखी एक. हिरवाच. तो पलंगाजवळ पोचला. बायकोनं दिव्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिचा चेहरा सैल पडला.

त्यानं हात पुढे केले.

बबडीनं डोकं उचललं आणि ती किंचाळली. आईच्या मानेत तोंड खुपसून रडायला लागली. “अगं, मी बाबा,” तो म्हणाला. पण धुरानं बसलेला आवाज तरी त्याचा कुठे राहिला होता?

“बाबा नाही,” ती म्हणत होती. “बाबा नाही.” रडण्यात खोकला मिसळला, खोकल्यात श्वास अडकायला लागला. बायको तिची पाठ चोळत राहिली. काय करावं ते न सुचून तो तसाच गुडघ्यावर बसला, उघडं डोकं दोन्ही हातांनी झाकून.

तेवढ्यात मशीन घरघरलं. दिवा लाल झाला होता.

बबडीनं मान वळवून कोपऱ्यात पाहिलं. रडणं थांबलं. तिनं दिव्याकडे पाहिलं, त्या टकल्या माणसाकडे पाहिलं, पुन्हा दिव्याकडे पाहिलं.

“बाबा आला,” ती म्हणाली आणि तिनं हात पसरले.

“जा आता तुम्ही,” बायको त्याच्याकडे न बघता हळूच म्हणाली.

तो उठला. बाहेर येऊन त्यानं दार ओढून घेतलं, टॉवेल पुन्हा भिजवून दाराखाली दाबून बसवला आणि तिथेच भिंतीला टेकून खाली बसला. तो बाहेर पडला की थोड्या वेळात दिवा हिरवा व्हायचा आणि मशीन शांत व्हायचं. आज घरघर थांबेना, म्हणजे दिवा अजून लालच होता.

आई स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभी होती. “समोरची बिल्डिंग धुरात गेली बघ,” ती म्हणाली. “मघाशी निदान गच्ची तरी दिसत होती.”

तो दाराला कान लावून बसला. आत बायको समजावत होती की बाबा बाहेर गेले, झोप आता शहाण्यासारखी.

“नाही गेला,” बबडी म्हणाली. मग खोकली. खोकला संपल्यावर तिचा आवाज पुन्हा आला, दमलेला, पण खूश.

“तो बघ.”