लांब केसांचा तारा

ईडन प्रेरी या अमेरिकन गावातल्या हॉलमध्ये वल्लरीचं डोहाळेजेवण होतं. तिची आई शरयू ओटी भरायला उठली, तशा विहीणबाई रेखाताई हळूच म्हणाल्या, "तुम्ही बसा. ओटी सवाष्णींनीच भरलेली बरी. बाळाचा प्रश्न आहे."

शरयूचा नवरा जाऊन दोन वर्षं झाली होती. ती मुकाट्याने बसणारच होती, पण सकाळी तिचा अंबाडा घालताना वल्लरीने सांगितलेलं तिला आठवलं. वल्लरी युनिव्हर्सिटीत जुनं इंग्रजी शिकवायची. हजार वर्षांपूर्वी इंग्लंडातले लोक धूमकेतूला लांब केसांचा तारा म्हणत, आणि राजा मेला की तिथले बखरकार ते त्या ताऱ्याच्या माथी मारत.

"आणि तारा आला नसताना मेलेले राजे?" शरयूने विचारलं होतं.

"ते मेजॉरिटी होते, आई. पण ते कोणी नोटिसच केलं नाही."

शरयूने अंबाड्याच्या पिना काढल्या. पांढरे केस पाठभर मोकळे सुटले. ओटीचं ताट उचलून ती लेकीसमोर उभी राहिली.

"पदर पसर, वल्लरी," ती म्हणाली. "आणि रेखाताई, तुम्ही लिहून ठेवा. आज तारा दिसला."